उत्तरवयातील परदेशी धर्मसेवा आणि तिचा आठवडा

नोकरीची मुदत संपून निवृत्तिवेतन सुरू झालेले, मुलांची लग्नकार्ये उरकलेली आणि अंगात अद्याप चालण्याफिरण्याची ताकद राहिलेली अशी कितीतरी दांपत्ये मीरा रोड व भाईंदर येथील गृहसंस्थांत आज आढळतात. आणि त्यांपैकी ज्यांनी गोराईच्या पॅगोड्यालगतच्या धम्मपत्तन केंद्रात अथवा इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे केली आहेत, त्यांच्या मनात आयुष्यातील काही महिने परदेशातील एखाद्या केंद्राच्या सेवेस द्यावेत, असा विचार वारंवार येऊन जातो. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, इंग्लंडात अथवा ऑस्ट्रेलियात स्थायिक असली म्हणजे तर हा विचार अधिकच बळावतो. परंतु विचार आणि प्रस्थान यांच्या दरम्यान कागदपत्रांची, प्रकृतीची, घराच्या बंदोबस्ताची आणि मुख्यतः रोजच्या दिनक्रमाची जी सविस्तर तजवीज करावी लागते, तिची पुरेशी कल्पना नसल्यामुळे काही दांपत्ये उगाच कचरतात, तर काही केवळ उत्साहाच्या भरात निघून जातात. अशा दांपत्यांसाठी हा लेख आहे. उत्तनच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती कुटुंबांना, मीरा रोडच्या राधाकृष्ण-भक्तांना किंवा अन्य पंथाच्या वाचकांनाही यातील बराच भाग आपापल्या सेवेस लावून घेता येईल.

धर्मकार्यासाठी परदेशी जाणे ही या भूभागाला नवी गोष्ट नाही. भाईंदरचा पूल ओलांडून खाडीपलीकडे गेले की थोड्याच अंतरावर प्राचीन शूर्पारक, म्हणजे आजचे नालासोपारा, लागते. तेथे भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली स्तूपाचे उत्खनन केले आणि त्याच गावी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, ज्या लेखात राजाने मृगयेच्या सफरी सोडून धर्मयात्रा आरंभिल्याची हकिकत आहे. पाटलिपुत्राच्या बौद्ध संगीतीनंतर निरनिराळ्या प्रांतांत जे धर्मोपदेशक रवाना झाले, त्यांपैकी अपरान्तात, म्हणजे आपल्या या कोकणपट्टीत, धम्मरक्खित नावाचा योनक, म्हणजे यवन, स्थविर आला, असे महावंस हा ग्रंथ सांगतो. म्हणजे या किनाऱ्यावर आलेला हा धर्मसेवक स्वतःच परदेशी वंशाचा होता. पुढे वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया जपानात गेले आणि १५९७ साली नागासाकी येथे क्रूसावर त्यांचा अंत झाला. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. उलट दिशेने १८२९ साली जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी पत्नी मार्गारेट यांच्यासह मुंबईस आले, आणि मार्गारेट यांनी मराठी शिकून मुलींच्या शाळा उघडल्या; अवघ्या सहा वर्षांत, १८३५ साली, त्यांचे येथेच देहावसान झाले. पती उपदेश करील आणि पत्नी त्याचे घर सांभाळील, या त्या काळच्या समजुतीपलीकडे जाऊन मार्गारेट यांनी स्वतःचे स्वतंत्र कार्य उभारले, ही गोष्ट आज सेवेस निघालेल्या दांपत्यानेही ध्यानात ठेवावी. भाईंदरच्या जैन वाचकांना ठाऊकच आहे की, पादविहाराच्या व्रतामुळे साधुसाध्वींना समुद्रपार जाता येत नाही, म्हणून तेरापंथाचे आचार्य तुलसी यांनी १९८० साली परदेशी प्रवास करू शकणारी समण श्रेणी निर्माण केली.

आपल्या विषयाला अगदी जवळचे उदाहरण मात्र सत्यनारायण गोयंका आणि इलायचीदेवी गोयंका या दांपत्याचे आहे. मंडालेत १९२४ साली जन्मलेले गोयंकाजी हे ब्रह्मदेशातील धनाढ्य व्यापारी. १९५५ साली सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ते विपश्यना शिकले, आणि हे ऊ बा खिन त्या देशाच्या सरकारचे महालेखापाल होते, म्हणजे दप्तराचे काम आणि ध्यानाचे काम एकाच दिवसात बसविणारे गृहस्थ होते. १९६९ साली गोयंकाजी भारतात आले, मुंबईत पहिले शिबिर झाले, १९७६ साली इगतपुरीचे केंद्र सुरू झाले आणि १९७९ सालापासून परदेशातील शिबिरे होऊ लागली. या सर्व प्रवासात इलायचीदेवी, ज्यांना साधक माताजी म्हणत, गोयंकाजींच्या शेजारी धर्मासनावर बसत. २००२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, गोयंकाजींनी माताजींसह उत्तर अमेरिकेचा कित्येक महिन्यांचा दौरा केला आणि तो मुख्यतः एका मोटार-घरात राहून केला. त्या वयात रोज नवे गाव गाठायचे, तरी झोपण्याची जागा, पाण्याचा पेला व औषधाची पेटी रोज तीच राहील अशी व्यवस्था करायची, यात जी व्यवहारदृष्टी आहे, तिच्यापासून पुष्कळ शिकता येते. उत्तरवयातल्या सेवेचे यश उत्साहापेक्षा नियमित आठवड्यावर अवलंबून असते, हेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम पात्रतेचा प्रश्न. ज्या साधकाने या परंपरेतील किमान एक दहा दिवसांचे शिबिर पूर्ण केले आहे आणि त्यानंतर अन्य साधनापद्धती अंगीकारलेली नाही, त्याला धम्मसेवेसाठी अर्ज करता येतो. सेवेचे वेतन नाही. राहणे व जेवणे केंद्राकडे. तिकीट, विमा आणि किरकोळ खर्च ज्याचा त्याने करावयाचा. शिबिरांना शुल्क नसून ती पूर्वीच्या साधकांच्या ऐच्छिक दानावर चालतात आणि आचार्यांनाही मानधन नसते, त्यामुळे ज्यांचा चरितार्थ निवृत्तिवेतनावर सुखाने चालतो अशी दांपत्ये या कामाला स्वभावतःच योग्य ठरतात. केंद्राच्या आवारात पंचशील पाळावे लागते, तेथे ब्रह्मचर्य असते, आणि स्त्रीपुरुषांचे निवास, भोजनस्थान व फिरण्याच्या वाटा वेगळ्या असतात. नवराबायकोंनाही हा नियम लागू आहे. पस्तीस-चाळीस वर्षे एका ताटाशेजारी दुसरे ताट मांडून जेवलेल्या माणसांना हा विरह, मुक्काम एकाच आवारात असूनही, पहिल्या शिबिरात किती जाणवतो हे सांगून कळत नाही.

म्हणून माझी आग्रहाची सूचना अशी की, परदेशाचा अर्ज भरण्यापूर्वी गोराईस किंवा इगतपुरीस उभयतांनी एकाच शिबिरात, वेगवेगळ्या बाजूंस, सेवा करून पाहावी. भाईंदर पश्चिमेहून उत्तनमार्गे गोराईपर्यंत रस्त्याने जाता येते, म्हणजे ही परीक्षा घराच्या दारात आहे. ज्या घुमटाखाली एकही खांब नाही आणि जेथे आठ हजार माणसे एका वेळी ध्यानास बसू शकतात, तो पॅगोडा ८ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते खुला झाला, हे आपल्याकडील बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु त्याच्या सावलीत चालणाऱ्या केंद्राच्या स्वयंपाकघरात भल्या पहाटे कोण उठते, याची माहिती दर्शनास जाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच असते. त्या स्वयंपाकघरात दहा दिवस उभे राहिल्यावर गुडघे, कंबर आणि स्वभाव या तिन्हींचा अंदाज येतो. दोघांपैकी एकालाच ओढ असेल आणि दुसरा केवळ सोबत म्हणून येत असेल, तर तेही येथेच उघड होईल. अशा वेळी परदेशाचा बेत पुढे ढकलावा, हे उत्तम.

आता कागदपत्रांविषयी. पारपत्राची मुदत परतीच्या तारखेपुढे किमान सहा महिने शिल्लक असावी, कारण अनेक देश तशी अपेक्षा ठेवतात. पत्नीचे नाव पारपत्रावर एक, आधारपत्रावर दुसरे आणि बँकेत तिसरे, असा घोळ आपल्या पिढीत फार आढळतो. लग्नापूर्वीचे नाव, लग्नानंतरचे नाव आणि मधल्या नावाचे हिज्जे हे सर्व आधी एकसारखे करून घ्यावेत. तसेच ज्यांचे विवाह नोंदणीशिवाय झाले, त्यांनी विवाहाचा दाखला काढून ठेवावा, म्हणजे उभयतांचे अर्ज एकत्र करताना खुलासे देत बसावे लागत नाही. नव्या पारपत्रासाठी जी पोलीस तपासणी होते, ती आपल्या शहरापुरती १ ऑक्टोबर २०२० रोजी स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाकडून होते. पत्त्याचा पुरावा भाड्याच्या घराचा असेल तर करारपत्र मुदतीतले असावे.

व्हिसाच्या बाबतीत एक गोष्ट विशेष काळजीने सांगितली पाहिजे. सेवा विनावेतन आहे म्हणून ती पर्यटकाच्या परवान्यावर खुशाल करावी, असा समज सर्रास आढळतो, आणि तो धोक्याचा आहे. इंग्लंडात पाहुणा म्हणून गेलेल्या इसमास नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण तीस दिवसांपर्यंतच स्वयंसेवा करण्याची मुभा आहे. त्याहून दीर्घ सेवेसाठी धर्मादाय कार्यकर्त्यांचा वेगळा व्हिसा लागतो. अमेरिकेच्या बाबतीत मान्यताप्राप्त धार्मिक वा सेवाभावी संस्थेची विनावेतन सेवा करण्यासाठी बी-१ या वर्गाची वाट आहे, परंतु मुलाखतीच्या वेळी हेतू स्पष्ट सांगितला पाहिजे आणि केंद्राचे पत्र जवळ असले पाहिजे. युरोपातील शेंगेन देशांत अल्पमुदतीच्या व्हिसावर १८० दिवसांपैकी ९० दिवसच राहता येते. नियम बदलत असतात, तेव्हा केंद्राच्या व्यवस्थापकाला व संबंधित वकिलातीला लेखी विचारूनच तिकीट काढावे. मुलाकडे जातो असे सांगून केंद्रावर राहावयाचे, हा मार्ग तर मुळीच स्वीकारू नये. सत्य बोलण्याचे शील घेऊन निघालेल्या माणसाने प्रवासाचा पहिलाच कागद खोटा भरावा, हे सर्वथा अनुचित आहे.

निवृत्तिवेतनधारकाला नोव्हेंबर महिना विसरून चालत नाही. सरकारी निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला दर वर्षी त्या महिन्यात रुजू करावा लागतो, ऐंशी वर्षांवरील व्यक्तींना ऑक्टोबरपासून तो देता येतो. २०१४ पासून जीवन प्रमाण ही संगणकीय सोय झाली आहे आणि अलीकडे मोबाइलवर चेहरा दाखवूनही हे काम होते. परदेशात असल्यास भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यापुढे हजर होऊन दाखला घेता येतो. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेखाली निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी वर्षात केव्हाही दिलेला दाखला पुढे बारा महिने चालतो, म्हणून त्यांनी प्रस्थानापूर्वीच तो देऊन मोकळे व्हावे. मुक्काम वर्षाच्या निम्म्याहून अधिक होणार असेल तर आयकराच्या दृष्टीने निवासी दर्जा बदलण्याचा संभव असतो, हे हिशेबनिसाला आधी विचारावे.

घराचा बंदोबस्त हा मजकूर लहान, पण दुर्लक्षिला तर मनस्ताप मोठा. गृहसंस्थेचे मासिक शुल्क आणि विजेचे बिल यांचा बँकेतून परस्पर भरणा होण्याची सोय करावी. महानगरपालिकेचा मालमत्ताकर निघण्यापूर्वीच भरून टाकावा. गॅस आणि पाण्याची मुख्य चावी बंद करावी. आणि किल्ली अशा शेजाऱ्याकडे ठेवावी, जो पावसाळ्यात महिन्यातून दोनदा दार उघडून भिंतीची ओल पाहील. संस्थेच्या सचिवाला मुक्कामाचा कालावधी लेखी कळवावा. विश्वासू नातेवाइकाला मर्यादित कामांपुरतेच मुखत्यारपत्र द्यावे, कुलमुखत्यार करण्याची बहुतेक वेळा गरज नसते. मृत्युपत्र केले नसेल तर आता करावे. दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

औषधांच्या बाबतीत चार पथ्ये पाळावीत: संपूर्ण मुदतीचा साठा न्यायचा असल्यास त्या देशाची त्याबाबतची मर्यादा आधी पाहावी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे असावीत, कारण आपल्याकडील व्यापारी नावे परदेशात कोणी ओळखत नाही, पंधरा दिवसांचा साठा हातातल्या पिशवीत असावा, आणि प्रवासविमा घेताना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे लपवू नयेत, जुन्या विकारांचा समावेश आहे की नाही ते विमापत्रात स्वतः वाचून पाहावे. दात आणि डोळे निघण्यापूर्वी तपासून घ्यावेत, कारण परदेशात दंतवैद्याचा खर्च साऱ्या प्रवासाच्या खर्चाला मागे टाकू शकतो.

एवढे उरकून दांपत्य केंद्रावर पोहोचले म्हणजे खरा विषय सुरू होतो. मॅसॅच्युसेट्समधील शेलबर्न फॉल्स येथे १९८२ साली सुरू झालेले धम्मधरा, सिडनीजवळच्या ब्लॅकहीथ येथे १९८३ पासूनचे धम्मभूमी, इंग्लंडात हेरफर्डशायरमधील धम्मदीप, ही परदेशातील काही जुनी व सुस्थिर केंद्रे. दहा दिवसांचे शिबिर पुष्कळ ठिकाणी बुधवारी संध्याकाळी सुरू होऊन पुढील आठवड्यातील रविवारी सकाळी संपते, आणि मध्ये दोन-तीन दिवस गेले की पुन्हा बुधवार उजाडतो; म्हणजे तेथील जीवनाचे परिमाण आपला सात दिवसांचा आठवडा नसून पंधरवडा असते. शिबिरात वाराला अर्थ राहत नाही. आज तिसरा दिवस, आज चौथा दिवस, आज विपश्यना द्यावयाची, आज दहावा दिवस, मौन सुटणार, अशी गणती चालते. उत्तरवयातल्या माणसाला यामुळे सुरुवातीला दिशाभूल झाल्यासारखे वाटते. उपवासाचा गुरुवार कधी आला आणि एकादशी कधी गेली ते समजत नाही. म्हणून एक छोटी दिनदर्शिका बिछान्याजवळ ठेवून तीवर शिबिराचे दिवस, भारतातले वार आणि औषधांच्या वेळा एकत्र लिहाव्यात.

शिबिराच्या दिवसाचा क्रम सर्वत्र एकच. पहाटे चार वाजता घंटा होते, आणि ती वाजविण्याचे काम पुष्कळदा सेवकाकडेच असते. साडेचार ते साडेसहा साधक ध्यानास बसतात, तेवढ्यात स्वयंपाकघरात न्याहारी तयार करावी लागते, जी पाश्चात्त्य केंद्रांत बहुधा ओटची पेज व शिजवलेले सुके आलुबुखार अशी असते. आठ ते नऊ, दुपारी अडीच ते साडेतीन आणि संध्याकाळी सहा ते सात या तीन सामूहिक साधनांना सेवकांनाही बसावे लागते, आणि रात्री नऊनंतर आचार्यांसमोर सर्व सेवक एकत्र येऊन दिवसाचा आढावा घेतात व मैत्रीभावनेने दिवस संपवितात. अकरा वाजता मुख्य जेवण, पाच वाजता चहा व फळे. मधल्या वेळात भाज्या चिरणे, मोठी पातेली घासणे, भोजनगृह झाडणे, शौचालये धुणे. दहा दिवसांचा भोजनक्रम व प्रमाण लिहून ठेवलेले असते, त्यामुळे तेथे स्वयंपाकातील स्वतःच्या कौशल्याला फारसा वाव नाही, आणि हे आपल्या भगिनींना पहिल्याने खटकते. आयुष्यभर अंदाजाने मीठ घालणाऱ्या हाताला तेथे तोलून मीठ घालावे लागते. पतिराजांची अडचण निराळी असते: कचेरीत ज्यांच्या सहीवाचून कागद हलत नसे, त्यांना पंचविशीतला व्यवस्थापक, तोही परक्या भाषेत, कांदे कसे चिरायचे हे सांगतो. मी तर असे म्हणेन की, या दोन अडचणी हीच त्या दोघांची खरी सेवा आहे. त्या टाळण्यासाठी ज्येष्ठत्वाचा आधार घेणाऱ्यांनी घरीच राहावे.

शक्तीचा हिशेब मात्र ज्येष्ठांनी उघडपणे केला पाहिजे. साठीपुढच्या माणसाने शिबिराच्या आरंभीच व्यवस्थापकाला सांगावे की जड पातेली उचलता येणार नाहीत, बर्फातली वाट साफ करता येणार नाही, दुपारी अर्धा तास आडवे व्हावे लागेल. हे सांगण्यात कमीपणा मानून तिसऱ्या दिवशी कंबर धरून बसणारे सेवक केंद्राला भार होतात. धान्य निवडणे, चादरी घडी करणे, बी-बियाणे व रोपे सांभाळणे, नोंदवही ठेवणे, भारतातून आलेल्या वृद्ध साधकांना हिंदी-मराठीत धीर देणे, अशी कामे पुष्कळ असतात आणि ती मनापासून करणारी माणसे थोडी. शेलबर्न फॉल्सला डिसेंबरपासून मार्चपर्यंत बर्फ असते, तर ब्लॅकहीथला ऐन थंडी आपल्या जुलैत पडते. तेव्हा लोकरीचे अंतर्वस्त्र, कानटोपी, न घसरणाऱ्या तळव्यांचे बूट यांवर खर्च करण्यात हात आखडू नये. भाईंदरच्या दमट हवेत मुरलेल्या सांध्यांना कोरडी थंडी झेपत नाही. पहिला मुक्काम त्या-त्या देशाच्या वसंतात वा उन्हाळ्यात ठेवावा.

रविवार सकाळ ते बुधवार दुपार हा काळ म्हणजे दांपत्याचा आठवडा. रविवारी साधक निघून गेल्यावर खोल्या झाडणे, बिछान्यांची धुलाई, कोठीची मोजदाद यांत दुपार होते. त्या दिवशी दुसरे काही ठरवू नये, जेवून झोपावे. सोमवार मात्र, केंद्राचा नियम विचारून, दोघांनी एकत्र काढावा: जवळच्या गावात चालत जावे, टपाल-कचेरी, औषधाचे दुकान आणि ग्रंथालय पाहावे, दहा दिवसांत साठलेले सारे बोलणे बोलून घ्यावे. ही गोष्ट चैनीची नाही. सॉल्ट लेक सिटीस मुख्य ठाणे असलेल्या लॅटर-डे सेंट्स या ख्रिस्ती पंथात वयस्क दांपत्ये स्वखर्चाने सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत देशोदेशी सेवेस जातात, आणि त्या पंथाच्या मिशनऱ्यांत आठवड्यातला एक दिवस कपडे धुणे, बाजारहाट आणि घरी पत्र लिहिणे यांसाठी राखून ठेवण्याचा प्रघात आहे. मते कितीही भिन्न असोत, दीर्घ अनुभवातून आलेली ही व्यवस्था उसनी घेण्याजोगी आहे. मंगळवारी कोठी भरणे व पुढील शिबिराची कामे वाटून घेणे, बुधवारी नव्या साधकांचे स्वागत; आणि संध्याकाळी दोघेही आपापल्या बाजूंस निघून जातात.

घराशी संपर्क या सोमवारीच ठेवावा. शिबिरात सेवकाने दूरध्वनीपासून दूर राहणे अपेक्षित असल्याने, घरच्यांना केंद्राच्या कचेरीचा क्रमांक आणि तो फक्त निकडीच्या वेळी वापरावयाचा ही समज देऊन ठेवावी. मॅसॅच्युसेट्समध्ये सोमवारी सकाळी नऊ वाजले म्हणजे मीरा रोडला उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा व हिवाळ्यात साडेसात होतात, नातवंडे शाळेतून आलेली असतात. ब्लॅकहीथच्या हिवाळ्यात संध्याकाळी सहा वाजता आपल्याकडे दुपारचा दीड असतो. वेळ एकदा ठरवावी आणि ती मोडू नये. याशिवाय पंधरवड्यातून एक लेखी पत्र अवश्य लिहावे, मग ते संगणकावरून पाठविले तरी चालेल. बोलण्यात खुशाली कळते. पण आज कोणती भाजी केली, कोणत्या देशाची माणसे आली, बर्फ कसे वितळले, हे पत्रातच उतरते, आणि मुलांना आईवडील काय करीत आहेत हे त्यातूनच समजते. पत्नीचे पत्र पत्नीने लिहावे, पतीचे पतीने. केंद्रातील साधकांची नावे, त्यांच्या अडचणी, आचार्यांशी झालेले त्यांचे बोलणे हे मात्र पत्रात कदापि येऊ नये. ती त्यांची ठेव आहे.

मुलगा वा मुलगी त्याच देशात असेल तर दोन मुक्काम एकमेकांत मिसळू नयेत. आधी पुरते तीन-चार आठवडे मुलांकडे राहावे, नातवंडांचे लाड पुरवावेत, मग केंद्रावर जावे, आणि ठरलेली मुदत संपेपर्यंत तेथेच राहावे. दर शनिवारी येऊन नेण्याची गळ मुले प्रेमाने घालतात. पण त्यामुळे ना घर होते ना सेवा, आणि व्यवस्थापकाला या दांपत्यावर कोणतेही काम निर्धास्तपणे सोपविता येत नाही.

पहिल्या महिन्यात काही दांपत्यांत एक विशिष्ट विसंवाद निर्माण होतो. एकाचे ध्यान चांगले लागते आणि दुसऱ्याचे लागत नाही. एकाला मित्र मिळतात आणि दुसऱ्याला भाषेअभावी एकटेपणा येतो. इंग्रजी बोलण्याची सवय बहुधा नोकरी केलेल्याला असते, घर सांभाळलेल्याला नसते, आणि म्हणून हा एकटेपणा पुष्कळदा पत्नीच्या वाट्याला येतो. निघण्यापूर्वी सहा महिने रोज अर्धा तास स्वयंपाकघरातले आणि दवाखान्यातले इंग्रजी दोघांनी मिळून बोलून पाहावे. दुखते कोठे, किती वेळ, थंडी वाजते, पाणी गरम हवे, हे जिला स्वतःच्या तोंडाने सांगता येते तिला परका देश अर्धा आपला होतो. तरीही मन लागत नसेल तर सहायक आचार्यांशी बोलावे; त्यांची भेट सेवकालाही मिळते. आणि दोघांपैकी एक खरोखर आजारी पडला तर दुसऱ्याने सेवा थांबवून त्याच्यासोबत राहावे, केंद्राला अडचण होईल म्हणून संकोच करू नये. परतीचे तिकीट तारीख बदलता येईल असेच घ्यावे, ते यासाठीच.

पहिली मुदत तीन महिन्यांहून अधिक ठरवू नये. एवढ्या काळात पाच-सहा शिबिरे होतात, ऋतू बहुधा एकच राहतो, व्हिसाची गुंतागुंत बेताची राहते आणि घराची चिंता हाताबाहेर जात नाही. परत आल्यावर पहिले दोन आठवडे लग्नसमारंभ, सत्कार, व्याख्याने यांची निमंत्रणे स्वीकारू नयेत. पहाटे चारची सवय आणि लोकलच्या गर्दीचे शहर यांचा मेळ बसण्यास तेवढे दिवस लागतात. मग एकदा रक्त तपासून घ्यावे, बँकेचे व गृहसंस्थेचे हिशेब पाहावेत, मुखत्यारपत्र रद्द करावे, आणि पुन्हा जावयाचे की नाही हा प्रश्न एकमेकांना स्वतंत्रपणे, लेखी विचारावा. उत्तरे जुळली तर पुढच्या वर्षीचा अर्ज करावा; न जुळल्यास गोराईला शिबिरे वर्षभर चालू असतात.